इंदूरहून जर्मनीला चाललात? आधी पत्त्याचं बघा, मग घराचं

लोकमान्य नगर, तिलक नगर, रामबाग, कुठल्याही मराठी घरात जा, कोणाचा ना कोणाचा मुलगा नाहीतर सून जर्मनीला निघालेली असते. मी तिकडे बरीच वर्षं राहून आलेय हे कळलं की काकू लोकांचा पहिला प्रश्न, तिथे पोळ्या मिळतात का गं. मिळतात हो, फ्रोझन मिळतात. आणि मुलं विचारतात की टू बीएचके केवढ्याला पडेल. दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. पहिला प्रश्न हा पाहिजे की ज्या घरात उतरणार तिथे आनमेल्डुंग होईल का.

आनमेल्डुंग म्हणजे मी या पत्त्यावर राहतो अशी तिथल्या नगरपालिकेत केलेली नोंद. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची, कायदाच आहे तसा. ती करायला मकानमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो, नाव आहे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणायच्या नादी लागू नका, मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा. नुसतं रेंट ॲग्रीमेंट घेऊन गेलात तर काउंटरवरची बाई शांतपणे परत पाठवते. आता ही नोंद झाली की काही दिवसांनी टॅक्स नंबर पोस्टाने त्या पत्त्यावर येतो, तो नंबर ऑफिसात दिला नाही तर पगारातून सहाव्या क्लासने टॅक्स कापला जाऊ शकतो, म्हणजे सगळ्यात जास्त, नंतर परत मिळतो पण पहिल्या महिन्यात हातात किती आलं ते बघून रडू येतं. व्हिसा संपायच्या आत रेसिडेन्स परमिट काढायचं तर ते ऑफिससुद्धा पत्त्यावरून ठरतं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, इन्शुरन्सचं कार्ड, सगळं पोस्टाने येतं. म्हणून पहिलं घर लहान असू दे, गावाबाहेर असू दे, थोडं महाग असू दे, पण नोंदणीला नाही म्हणत असतील तर सोडून द्या.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, इंदुरात बसून वर्षाचं ॲग्रीमेंट करू नका. पहिले दोन-तीन महिने टेम्पररी जागा घ्या आणि पर्मनंट घर तिथे जाऊन डोळ्यांनी बघून घ्या. कंपनी गेस्ट फ्लॅट देत असेल तर सोनं, नाहीतर सर्व्हिस अपार्टमेंट, नाहीतर त्स्विशनमीटे, म्हणजे कोणी चार महिने बाहेरगावी चाललंय आणि आपली सामानासकट खोली तेवढ्यापुरती किरायाने देतंय असा प्रकार. पैसे भरायच्या आधी ई-मेलवर लिहून घ्या की नोंदणीचा कागद मिळेल. हॉलिडे फ्लॅटवाले बरेचदा देत नाहीत, आणि फोनवर "बघू" म्हणाले म्हणजे नाहीच समजा.

स्टुडंट्सचं वेगळं. त्यांनी ॲडमिशनचं पत्र आलं त्याच दिवशी श्टुडिरेंडेनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांची सोय बघणारी तिथली संस्था, तिच्या होस्टेलला अर्ज टाकायचा, व्हिसाची वाट बघत बसायचं नाही, कारण म्युनिकसारख्या शहरात वेटिंग काही सेमिस्टरचं असतं. व्हिसासाठी जे ब्लॉक्ड अकाउंट करता त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ हातात येतात, खोलीचा किराया, इन्शुरन्स, खाणं सगळं त्यात. तेव्हा शहर निवडतानाच किराया बघा भिया, युनिव्हर्सिटीचं रँकिंग बघण्यात सगळे हुशार असतात.

आता फसवणुकीचं, कारण यात आपली मुलं सगळ्यात जास्त सापडतात. साचा ठरलेला आहे. शहराच्या मधोमध फ्लॅट, फोटो मासिकातल्यासारखे, किराया आजूबाजूच्या निम्मा. मेसेज केला की लगेच गोड उत्तर येतं, की मी कामानिमित्त दुसऱ्या देशात आहे, फ्लॅट दाखवायला येता येणार नाही, तुम्ही डिपॉझिट टाका, चाबी कुरियरने पाठवतो, आवडलं नाही तर पैसे परत. सोबत विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टचा फोटो, जो दुसऱ्याच कोणाचा तरी चोरलेला असतो, आणि मग तुमचा मागतात. अशा जाहिराती सगळ्याच वेबसाइटवर घुसतात. नियम एकच, तुम्ही स्वतः किंवा तुमच्या ओळखीचं कोणीतरी घर आतून बघितलं, ॲग्रीमेंटवर सह्या झाल्या, त्यानंतरच पैसे. आणि पासपोर्टची कॉपी पहिल्या मेसेजला तर कोणालाच नाही.

जाहिरात वाचायची कशी ते बघा. २-त्सिमर लिहिलं असेल तर ती दोन खोल्यांची जागा, एक हॉल एक बेडरूम, किचन-बाथरूम मोजत नाहीत, म्हणजे आपलं वन बीएचके. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, १ चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट, तर ५० मीटरचं घर साधारण ५४० फुटांचं झालं. किराया दोन लिहिलेले असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचा, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिना झाडणं वगैरे धरून. लाइट आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही वर वेगळं. वार्ममीटेतले हे हीटिंग-पाण्याचे वरचे पैसे म्हणजे फक्त ॲडव्हान्स असतो बरं का, वर्षाचा हिशेब नंतर येतो, आणि हिवाळाभर हीटर पाचवर ठेवून टीशर्टमध्ये बसलात तर त्या हिशेबात चांगलेच पैसे भरायला लागतात. डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या काल्टमीटेएवढं घेता येतं आणि किरायेदाराला ते ३ हप्त्यांत द्यायचा हक्क आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ब्रोकरचं म्हणाल तर २०१५ पासून कायदा असा आहे की ज्याने ब्रोकर लावला त्याने पैसे द्यायचे, म्हणजे मकानमालकाने दिलेली जाहिरात बघून तुम्ही गेलात तर तुमच्याकडून कमिशन मागणं चूक.

आणि किचन! रिकामं घर म्हणजे तिकडे खरोखर रिकामं, किचनच्या खोलीत भिंतीतून दोन पाइप आणि एक वायर बाहेर आलेली, बस. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, काही ठिकाणी तर छतावर बल्बसुद्धा नाही. जाहिरातीत ई-बी-के ही अक्षरं असतील तर बसवलेलं किचन आहे असं समजायचं. नसेल तर जुना किरायेदार आपलं किचन तुम्हाला विकायला बघतो, घासाघीस करा, राजवाड्याच्या बाजारात करता तशी बिनधास्त, त्यालाही ते उचलून न्यायचं नसतंच.

घर बघायला जाताना मात्र एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा, तिथे आपण घर पसंत करत नाही, मकानमालक आपल्याला पसंत करतो. मोठ्या शहरात एका घरासाठी जिन्यात रांग लागते. म्हणून फाइल तयार पाहिजे, पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी, नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, मिळाल्या असतील तर शेवटच्या ३ पगारपत्रकांच्या कॉप्या, आणि स्वतःबद्दल माहितीचा एक फॉर्म जो बहुतेक तेच देतात. शुफा नावाचा क्रेडिट रिपोर्ट मागतात, तुम्ही नुकतेच आलात तर त्यात काहीच नसतं, तसं सरळ सांगा आणि कॉन्ट्रॅक्ट पुढे करा. हातात येणारा पगार किरायाच्या साधारण तिप्पट असला की मालक निर्धास्त असतो. पहिला मेसेज जर्मनमध्ये पाठवा, ट्रान्सलेटरने केलेला चालेल, पण चार ओळींत कोण आहात, कुठे नोकरी, किती जण राहणार, कधीपासून आणि सिगरेट-पाळीव प्राणी नाहीत हे सगळं आलं पाहिजे. "इज धिस अव्हेलेबल" एवढंच लिहिणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही. वेळेवर म्हणजे वेळेवर पोचा, आपलं इंदुरी "पाच मिनिटात आलो" तिथे चालत नाही.

चाबी घेताना हँडओव्हरचा कागद भरतात, त्यात भिंतीवरचा ओरखडा, बाथरूमच्या टाइलची चीर, खिडकीचं सैल हँडल, सगळं लिहायला लावा आणि फोटो काढा. लाइटच्या आणि हीटिंगच्या मीटरचे आकडेही त्याच दिवशीचे. मालक प्रेमळ आहे, आपल्याला चहा पाजला, म्हणून हे सोडू नका, घर सोडताना डिपॉझिट याच कागदावर परत येतं. लाइटची कंपनी तुम्ही निवडायची असते, काही केलं नाही तरी लाइट चालू राहते पण तिथल्या नेहमीच्या पुरवठादाराच्या रेटने, जो बहुतेक महाग पडतो.

मग लगेच पोस्टाच्या डब्यावर आणि बेलवर नाव लावा. तिथे फ्लॅट नंबर घालून पत्र येत नाही, नाव बघून येतं. डब्यावर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो आणि तुम्ही टॅक्स नंबरची वाट बघत बसता. सुरुवातीला चिकटपट्टीवर लिहून लावलं तरी चालतं, पासपोर्टवर जे स्पेलिंग तेच. नोंदणी झाली की टीव्ही-रेडिओ फीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नाही म्हणून सुटका नाही, घरटी एकच फी असते, तर शेअरिंगमध्ये राहत असाल तर एकानेच भरा आणि वाटून घ्या.

राहायला लागल्यावर शेजाऱ्यांचं प्रेम कशाने मिळतं तर खिडक्या उघडल्याने. खरंच सांगतेय. घरं इतकी बंदिस्त असतात की आपल्या रोजच्या भात-वरणाची वाफ आणि वाळत घातलेले कपडे, सगळी ओल भिंतीत जाते, कपाटामागे काळी बुरशी धरते आणि मालक दोष तुम्हाला देतो. दिवसातून दोन-तीनदा, थंडीतसुद्धा, खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, हीटर तेवढा वेळ बंद. फोडणी देताना दार लावा, मिरचीची फोडणी असेल तर आधी खिडकी उघडा मग तेल तापवा. रात्री १० ते सकाळी ६ आवाज नाही, रविवारी ड्रिल नाही, आणि रविवारी दुकानंही बंद, दूध शनिवारी आणा. आपल्याला रात्री बारा वाजता सराफ्यात जाऊन खायची सवय, ती विसरा. कचऱ्याचं मात्र इंदूरवाल्याला काही शिकवावं लागत नाही, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काय उगाच येतो का, फक्त डबे जास्त असतात, कागद वेगळा, ओला वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक वेगळं, उरलेला वेगळा, काच रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये रंगाप्रमाणे. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या फेकू नका, बहुतेकांवर २५ सेंट परत मिळतात.

स्टुटगार्टकडे जाणार असाल तर केरवोखं माहीत असू द्या. आठवडाभर जिना झाडायची पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी येऊन लटकते. झाडलं नाही तर वरच्या मजल्यावरच्या आजी बोलत काही नाहीत, नुसत्या तुमच्या दारासमोर झाडतात, आणि ते जास्त लागतं.

चाबी! दार मागे आपोआप बंद होतं आणि बाहेरून चाबीशिवाय उघडत नाही. कुलूपवाला रविवारी बोलावला तर बिल बघून घाम फुटतो. एक चाबी विश्वासू मित्राकडे ठेवा, आणि हाफ्टफ्लिश्ट नावाचा इन्शुरन्स, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा, असा घ्या ज्यात चाबी हरवण्याचं कव्हर आहे, वर्षाला साधारण ५०-१०० युरो. कारण हरवलेली चाबी बिल्डिंगच्या मेन दरवाज्याची पण असते, मग सगळ्यांची कुलूपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो.

सामानात काय न्यायचं यावर घरोघरी भांडणं होतात म्हणून पटकन सांगते. तूप, पेढे, मावा, श्रीखंड, दुधाचं काहीच चालत नाही, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही सर्टिफिकेटशिवाय नाही, कढीपत्ता वाळवून न्या. जीरावन न्या, खूप न्या, ते तिकडे मिळत नाही आणि पोह्यावर दुसरं काही चालत नाही. सेव, मेतकूट, गोडा मसाला बिनधास्त. कुकर आणि तवा इंडक्शनवर चालणारा, सपाट बुडाचा, अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर आईने कितीही आग्रह केला तरी ठेवून जा. व्होल्टेज सारखंच आहे पण मिक्सरची तीन पिनची आपली प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, ॲडॉप्टर लागेल.

आई-बाबांना बोलवायचं असेल तर जो हमीपत्राचा कागद लागतो तो तिथल्या फॉरेनर्स ऑफिसमधून घ्यायचा, फी २९ युरो, पण अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून उन्हाळ्याचं दिवाळीतच बघा. व्हिजिटर व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. काही आठवड्यांसाठी पाहुणे आले तर मालकाची परवानगी लागत नाही, पण पूर्ण तीन महिने येणार असतील तर आधी एक ई-मेल टाकून ठेवा.

घर सोडायचं तर नोटीस साधारण ३ महिन्यांची, आणि ती कागदावर स्वतःच्या सहीने, पोस्टाने नाहीतर हातात द्यायची. व्हॉट्सॲप, ई-मेल, फोन काही धरत नाहीत. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाला पोचली तर तो महिना मोजतात, एक दिवस उशीर झाला की एका महिन्याचा किराया जास्तीचा.