डिजिटल पियानो लॅपटॉपला जोडताय? या चुका टाळा

माझी पहिली अख्खी संध्याकाळ हेडफोन चुकीच्या भोकात खुपसल्यामुळे वाया गेली. लॅपटॉपवर ग्रँड पियानोचं प्लगइन (वाद्याचा आवाज काढणारं सॉफ्टवेअर) उघडलेलं, पडद्यावरच्या पट्ट्या माझ्या बोटांबरोबर खाली-वर होत होत्या, आणि कानात मात्र माझ्या स्वस्तातल्या पियानोचाच नेहमीचा आवाज. तीनदा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. शेवटी लक्षात आलं, हेडफोन पियानोला लावलेत.

यूएसबीची तार म्हणजे आवाजाची नळी, असा माझा समज होता. यामाहा पी-४५ सारख्या पियानोत त्या तारेतून आवाज जातच नाही. जातात ते निरोप: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने, आता सोडली. ही मिडीची भाषा, १९८३ पासून चालत आलेली. निरोप वाचून आवाज काढायचं काम लॅपटॉपचं, म्हणून हेडफोनही लॅपटॉपला किंवा त्याला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे बाहेरच्या साउंड कार्डला, लावायचे. काही मॉडेलं, उदाहरणार्थ यामाहा पी-१२५, त्याच तारेतून ऑडिओही नेतात, पण ते गृहीत धरू नका. काहीही अडलं की आधी स्वतःला विचारा: या क्षणी आवाज कोण काढतंय? खालच्या बऱ्याच चुका या एका प्रश्नावर सुटतात.

तारेपासूनच सुरुवात

बहुतेक पियानोंना मागे चौकोनी भोक असतं. त्याला प्रिंटरची केबल लागते, दुकानात तसंच सांगा. कॅसिओच्या काही सडपातळ मॉडेलांना मायक्रो यूएसबी लागते आणि तिथे खरा घोळ होतो, कारण घरातल्या जुन्या मोबाइल केबलींपैकी काही फक्त चार्जिंगच्या असतात. बाहेरून काही फरक दिसत नाही, लॅपटॉपला मात्र पियानो दिसत नाही. ज्या केबलने फोनमधले फोटो लॅपटॉपवर उतरवता येतात, तीच वापरा. पियानोला रुंद चपटं यूएसबी भोक असेल तर ते पेन ड्राइव्हसारख्या गोष्टींसाठी असतं, तिथे लॅपटॉप जोडायला जाऊ नका. सेकंडहँड घेताना तर मागची बाजू स्वतः बघाच: कॉर्ग बी१ ला यूएसबी नव्हतंच, ते बी२ मध्ये आलं.

तार बरोबर, तरी प्रोग्रॅमला पियानो सापडत नाही? विंडोजवर बहुधा एका वेळी एकच प्रोग्रॅम मिडी पोर्ट धरतो. दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर किंवा ब्राउझरमधली एखादी पियानो शिकवणारी टॅब आधीच उघडी असेल, तर नंतर आलेल्याला दार बंद. बाकी सगळं बंद करा, पियानो आधी सुरू करा, मग सॉफ्टवेअर उघडा.

यातला सगळ्यात वैताग आणणारा प्रकार वेगळाच आहे. तुम्ही अर्धा तास मिक्सिंग करत बसलात, पट्ट्यांना हात लावला नाही, आणि परत वाजवायला गेलात तर सगळं मुकं. पियानो वीज वाचवायला स्वतःहून झोपलेला असतो. पी-४५ वर हे साधारण ३० मिनिटांनी होतं. सगळ्यात खालची पट्टी दाबून धरून पियानो चालू केला की ही सवय सुटते. इतर मॉडेलांत सेटिंग कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये ऑटो पॉवर ऑफ या नावाखाली शोधा.

एकाच सुराचे दोन आवाज

पियानोचा आवाज चालू, लॅपटॉपचाही चालू, आणि दोन्ही थोडे पुढेमागे. ऐकताना वाटतं, कोणीतरी रिकाम्या डब्यात वाजवतंय. यावर मॅन्युअलं लोकल कंट्रोल बंद करायला सांगतात, म्हणजे पट्ट्या आणि पियानोचा स्वतःचा आवाज यांची फारकत. उपाय चोख आहे, पण मी तो क्वचितच वापरतो. पियानोचा व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी काम होतं. त्याने मिडीत जाणारा जोर कमी होत नाही. लोकल कंट्रोल बंद करून विसरलात, तर पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी पियानोसमोर बसून “हा बिघडला वाटतं” म्हणणार. बऱ्याच मॉडेलांत बंद करून चालू केल्यावर ते पूर्ववत होतं, सगळ्यांत नाही.

बोट आधी, सूर नंतर

उशीर जाणवला की लोक पियानोला, नाहीतर केबलला दोष देतात. गुन्हेगार जवळजवळ नेहमी लॅपटॉपच्या आवाजाच्या बाजूला असतो. लॅपटॉप आवाजाचे सूक्ष्म तुकडे (सॅम्पल) थोडे साठवून मग सोडतो, तो साठा म्हणजे बफर. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे साधारण १२, आणि १०२४ म्हणजे २३. आवाजाला हवेतून एक मीटर जायला ३ मिलिसेकंद लागतात, तेव्हा पहिल्या आकड्याची चिंता नको. शेवटच्या आकड्यावर मात्र द्रुत लय हाताशी राहत नाही. आणि वरच्या आकड्यांत ड्रायव्हरचा स्वतःचा वेळ धरलेलाच नाही.

विंडोजवर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एएसआयओ हा उशीर कमी करणारा ड्रायव्हर निवडा. इंटरफेस नसेल तर एएसआयओफोरऑल फुकट मिळतो. तो चालू असताना यूट्यूब मुकं झालं तर घाबरू नका, त्याने साउंड कार्ड स्वतःकडे घेतलेलं असतं. मॅकवर ही कटकट नाही. बफर कमी करता करता आवाज तडतडू लागला की एक पायरी वर या. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बॅटरी वाचवणारा मोड बंद करा.

आणि ब्लूटूथ हेडफोन? त्यांत दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. बफर कितीही कमी केलात तरी ते परत मिळत नाहीत. गाणी ऐकायला ते छान, वाजवायला तारेचेच हवेत. रोलँड एफपी-१० मध्ये ब्लूटूथ आहे हे वाचून काही जण त्याला हेडफोन जोडायला बघतात. ते ब्लूटूथ फक्त मिडीचं आहे. आयपॅडशी जोडतानाही ते सेटिंग्जमधून न जोडता वाजवायच्या अ‍ॅपच्या आतून जोडायचं.

पेटीवाल्यांची चूक, म्हणजे माझी

आपल्याकडे पियानोपर्यंत येणारे बरेच हात पेटीवरून आलेले असतात. पेटीवर पट्टी कितीही जोरात हाणा, आवाज वाढत नाही. तो वाढवतो भाता. त्यामुळे बोटांना सगळ्या पट्ट्या सारख्या दाबायची सवय लागते, आणि गुरुजी त्यासाठीच ओरडलेले असतात. पियानोवर नेमका दाबायचा वेग हाच सगळा खेळ. मिडी तो १ ते १२७ मध्ये मोजते. सॅलमँडर नावाचा फुकट ग्रँड पियानो घ्या, यामाहा सी५ वर जोराचे १६ थर वेगवेगळे रेकॉर्ड करून केलेला. तुमची बोटं ६० ते ८० मध्येच फिरत असतील, तर त्यातले तीन-चार थरच तुम्ही ऐकताय, आणि मग म्हणताय की प्लगइन निर्जीव आहे.

आधी एकच पट्टी अगदी हळू ते पूर्ण जोरात वाजवून सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघा. जीव खाऊन मारलं तरी १०० च्या पुढे जात नसेल, तर प्लगइनमधली व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे बोटाच्या वेगाला कोणता आकडा मिळेल ते ठरवणारी रेषा, वर उचला. पियानोतही टच हलका-मध्यम-जड करायची सोय असते. तो मध्यमवर ठेवून विसरून जा. दोन्हीकडे एकदम फिरवत बसलात तर काय कशाने बदललं ते कळणार नाही.

उलट प्रकार सॉफ्टवेअरमधली पेटी वाजवताना होतो. तिथे एक सूर मोठा, एक बारीक निघतो आणि ऐकताना हसू येतं. व्हेलॉसिटी एका आकड्यावर, समजा ९० वर, कायम करा. आवाजाची चढ-उतार ११ नंबरच्या कंट्रोलने, म्हणजे एक्स्प्रेशनने द्या. स्वस्त पियानोला फिरवायची बटणं नसतात, म्हणून मी कॉर्गचा आठ सरकपट्ट्यांचा नॅनोकंट्रोल२ शेजारी ठेवतो. उजवा हात पट्ट्यांवर, डावा सरकपट्टीवर: भाता परत मिळाला. मींड मात्र यातून येत नाही. अशा पियानोला बहुधा पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचं, चाकच नसतं. बासरी किंवा सारंगी वाजवायची असेल तर चाक असलेला २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड वेगळा लागेल.

पट्टी बदलण्यातही असंच फसतात. गायिकेचा सा काळी दोनला, तुम्हाला वाजवायचंय पांढरी एकपासून, म्हणून पियानोवर तीन घरं चढवली. सॉफ्टवेअरमध्येही कधीतरी तीन चढवून ठेवलेली होती. गायिका काळी दोनमध्ये आणि तुम्ही थेट काळी तीनमध्ये. ट्रान्सपोज एकाच जागी करा. मी सॉफ्टवेअरमध्ये करतो, पियानो कायम शून्यावर.

पेडल उलटं चालतंय

पाय उचलला की सूर लांबतात, दाबला की तुटतात? पेडल बिघडलेलं नाही. पियानो चालू होताना पेडल दाबलेलं होतं, त्यामुळे काही मॉडेलं दिशा उलटी समजतात. पाय बाजूला घेऊन बंद करा आणि पुन्हा चालू करा. दुसऱ्या कंपनीचं पेडल घेतलं असेल तर त्याच्या खाली दिशा बदलायचा छोटा खटका आहे का ते बघा. पियानोबरोबर येणारं चौकोनी पेडल बहुधा फक्त चालू-बंद कळतं, म्हणजे मिडीत ० किंवा १२७. प्लगइनच्या जाहिरातीतलं अर्धं पेडल, म्हणजे थोडंच दाबून सूर थोडेच लांबवणं, त्यावर येणार नाही. पी-४५ ला यामाहाचं एफसी३ए लावलं तर अर्धं पेडल कळतं.

एक गोष्ट कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाही. हेडफोन लावून रात्री अकराला वाजवताना तुम्हाला बोसेनडॉर्फरचा ग्रँड पियानो ऐकू येतो, खालच्या मजल्यावरच्यांना जड पट्ट्यांची धपधप. स्टँडच्या पायांखाली व्यायामाची जाड रबरी मॅट टाका. मी टाकली, तेव्हापासून जिन्यात भेटल्यावर खालच्या काकू पुन्हा बोलू लागल्या.