सिमेंटच्या जुन्या पत्र्यांची देखभाल आणि उतरवणी

वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर या औद्योगिक पट्ट्यातील कितीतरी जुन्या गाळ्यांवर आजही सिमेंटचे पन्हळी पत्रे आहेत. त्यांतील अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असल्याने अखंड पत्र्यापासून फारसा धोका नसतो. मे महिन्यात गळती बंद करण्यासाठी कोणी ड्रिल किंवा ग्राइंडर घेऊन वर चढला, की मात्र ते तंतू हवेत मिसळतात.

म्हणून डागडुजीआधी अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते अशा भागांची, म्हणजे छत, पावसाळी पाइप, बॉयलरच्या नळ्यांवरचे वेष्टण आणि जोडांतील गॅस्केट यांची नोंद करावी. पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही हे नजरेने कळत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ते आहे असेच धरून चालावे. वेष्टण हाताने चुरा होण्याइतके भुसभुशीत झाले असेल, तर त्याला कोणीही हात लावू नये. ते काम प्रशिक्षित कंत्राटदाराचेच आहे.

पत्रा धड असेल तर तो काढण्याची घाई करू नये, पण प्रेशर वॉशर मारून शेवाळ घालवण्याचा मोहही आवरावा, कारण त्याने पृष्ठभाग खरवडला जातो. बदलायचाच असेल तर पत्रा पाण्याने भिजवून, तो धरून ठेवणारे हुकबोल्ट हातकरवतीने कापून, अखंड खाली उतरवावा. वरून फेकू नये. खाली सांडलेली भुकटी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडकेही पिशवीत बंद करावे. रुमाल किंवा साधा डस्ट मास्क इथे निरुपयोगी ठरतो. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी-३ दर्जाच्या, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क हवा. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, कारण त्यांवरची धूळ घरच्यांच्याही श्वासात जाते.

या तंतूंमुळे होणारे फुप्फुसाचे आजार बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात. पत्रा पायाखाली फुटून माणूस पडतो तो मात्र त्याच क्षणी. म्हणून आडव्या फळ्या आणि हार्नेस यांशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

उतरवलेले पत्रे भंगारवाल्याला देणे ही इथली सर्रास चूक आहे, आणि तेच पत्रे पुढे कुणाच्या तरी झोपडीवर चढतात. टाकून दिलेले अ‍ॅस्बेस्टॉस 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, त्यावर ठळक मराठी-हिंदी सूचना चिकटवून, तळोज्यातील घातक कचरा प्रकल्पासारख्या अधिकृत ठिकाणीच पाठवावे आणि पोच जपून ठेवावी.