टोकियो डिस्ने रिसॉर्टमध्ये ट्रेनने कसं फिरायचं: कुठे बसायचं, कुठे सरळ चालायचं

टोकियो डिस्नेला जायचा प्लॅन करताना सगळे राइड्स, तिकिटं, पास यात डोकं घालतात आणि फिरायचं कसं ते तिथे गेल्यावर बघू म्हणतात, मग पहिल्याच दिवशी अर्धा तास इकडेतिकडे जातो. खरं म्हणजे हे सगळं एकदम सोपं आहे, फक्त तिथली मोनोरेल एकाच दिशेने फिरते एवढं डोक्यात पक्कं बसवा.

आधी तिथपर्यंत पोचायचं बघू. रिसॉर्टमध्ये डिस्नेलँड आणि डिस्नेसी अशी दोन पार्क आहेत. नाव टोकियोचं लावतं पण आहे शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासुमध्ये, आणि स्टेशन आहे माइहामा, जेआरच्या (म्हणजे जपान रेल्वेच्या) केइयो लाइनवर. टोकियो स्टेशनवरून साधारण पंधरा मिनिटांचा प्रवास. पण टोकियो स्टेशनमध्ये केइयो लाइनचे प्लॅटफॉर्म बाकीच्या सगळ्यांपासून लांब, जमिनीखाली खोल आहेत, सरकते पट्टे आणि एकामागून एक एस्केलेटर करत जायचं, शिनकानसेनमधून (बुलेट ट्रेनमधून) उतरून तिथपर्यंत दहा-पंधरा मिनिटं आरामात जातात आणि सोबत लहान मुलं किंवा बॅगा असतील तर अजून जास्त. त्यामुळे ट्रेन पंधरा मिनिटांची असली तरी हिशोब अर्ध्या तासाचा धरा. खुणेसाठी केइयोचा गडद वाइन-लाल रंग लक्षात ठेवा आणि त्या रंगाच्या पाट्यांमागे जात राहा. तिथून सुटणाऱ्या मुसाशिनो लाइनच्या गाड्याही माइहामाला थांबतात, त्या बिनधास्त पकडा. फक्त लिमिटेड एक्सप्रेस थांबत नाही, तिच्यात चुकून चढू नका.

शिंजुकू किंवा शिबुयाकडे राहत असाल तर टोकियो स्टेशनच्या वाटेला जायचीच गरज नाही. साइक्यो लाइनची जी गाडी पुढे रिंकाई लाइनवर जाते ती घ्यायची, शिन-किबाला उतरून केइयो लाइन पकडायची. मला हाच रस्ता जास्त आवडतो, तंगडतोड बरीच वाचते. जेआर पास (जेआरच्या गाड्यांचा पर्यटकांसाठीचा पास) असेल तर रिंकाईचं भाडं मात्र वेगळं पडतं कारण ती जेआरची नाही.

आता माइहामा. गेटमधून बाहेर आलात की उजवीकडे डिस्नेलँडला जायचा पादचारी रस्ता, आणि डावीकडे इक्सपियारी मॉल आणि मोनोरेलचं रिसॉर्ट गेटवे स्टेशन. इथे खूप लोक नवीन जागा म्हणून गर्दीबरोबर सरळ मोनोरेलकडे वळतात. डिस्नेलँडला जायचं असेल तर चालत जा!! पाच-सात मिनिटांचं अंतर आहे, तिकीट काढून गाडीची वाट बघेपर्यंत तुम्ही गेटवर पोचलेले असता.

मोनोरेलचं नाव डिस्ने रिसॉर्ट लाइन, 2001 साली डिस्नेसी सुरू झालं त्याच वर्षी सुरू झाली, जेमतेम पाच किलोमीटरचा गोल आहे आणि स्टेशनं चारच. क्रम असा: रिसॉर्ट गेटवे, मग टोकियो डिस्नेलँड, मग बेसाइड, मग टोकियो डिस्नेसी आणि परत रिसॉर्ट गेटवे. गाडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि उलटी येणारी गाडीच नाही. म्हणजे माइहामाहून डिस्नेसीला जाताना तिसरं स्टेशन, पण डिस्नेसीहून माइहामाला येताना फक्त एक. आणि डिस्नेलँडहून माइहामाला मोनोरेलने यायचं म्हटलं तर अख्खा वळसा घालून तीन स्टेशनं, जिथे चालत पाच-सात मिनिटांत पोचता. दोन्ही पार्कच्या मधे जायचं असेल तर कुठूनही दोनच स्टेशनं पडतात, तिथे मोनोरेलच घ्या. डिस्नेसी चालतही जाता येतं माइहामाहून, वीसेक मिनिटं लागतात, सकाळी पाय ताजे असताना ठीक आहे पण पुढे दिवसभर चालायचंच आहे हे विसरू नका.

ही मोनोरेल पार्कच्या तिकिटात फुकट नाही आणि जेआर पासही इथे चालत नाही. सुइका, पास्मो ही पैसे भरून वापरायची कार्डं मात्र चालतात, गेटला टेकवलं की झालं. दिवसभराचा पास मिळतो, त्यावर कॅरेक्टरची चित्रं असतात, आणि दिवसात तीन वेळा बसणार असाल तरच तो घ्या, दोन वेळांसाठी सुटं भाडंच स्वस्त. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. कार्डमध्ये पैसे सकाळीच टाकून ठेवा, बहुतेक मशीनला रोख पैसेच लागतात आणि रात्री मशीनपुढे ही रांग असते.

गाडीत खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, वरती धरायच्या कड्याही तशाच. मुलं असतील तर खिडकीजवळची जागा मिळवाच, बेसाइडकडे जाताना समुद्राच्या बाजूचा भाग छान दिसतो.

हॉटेल कुठलं घेताय त्यावरही बरंच ठरतं. डिस्नेलँड हॉटेल डिस्नेलँड स्टेशनला लागूनच आहे, मिराकोस्टा हॉटेल डिस्नेसीला, आणि 2022 ला सुरू झालेलं टॉय स्टोरी हॉटेल बेसाइडच्या अगदी समोर. हिल्टन, शेरेटन, ओकुरा वगैरे हॉटेलं बेसाइडकडे आहेत, बेसाइड स्टेशनवरून त्यांच्यासाठी रिसॉर्ट क्रूझर नावाची मोफत बस असते. बॅगा घेऊन चालत बसू नका, बसची वाट बघा.

पार्कच्या आतल्या गाड्यांचं म्हणाल तर डिस्नेलँडमधली वेस्टर्न रिव्हर रेलरोड ही खरी वाफेवर चालणारी गाडी आहे पण तिचं स्टेशन एकच, अॅडव्हेंचरलँडमध्ये, बसलात तिथेच परत उतरता. मजेसाठी जरूर बसा, कुठे पोचायला नाही. डिस्नेसीमध्ये मात्र इलेक्ट्रिक रेल्वे आहे, उंचावरून अमेरिकन वॉटरफ्रंट ते पोर्ट डिस्कव्हरी या पार्कातल्या दोन भागांमध्ये जाते, दोन स्टेशनं, आणि दुपारी पाय बोलायला लागले की तीच कामाला येते, वरून पार्कही बघून होतं.

रात्री शो संपला की सगळं पब्लिक एकदम माइहामाकडे निघतं आणि प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा राहत नाही. एकतर शेवटच्या शोच्या जरा आधी निघा, नाहीतर इक्सपियारीमध्ये निवांत जेवून मग निघा, मुलं पेंगलेली असतील तर दुसरा पर्याय नक्कीच बरा. फक्त तुमच्या शेवटच्या ट्रेनची वेळ आधीच बघून ठेवा. आणि एक, केइयो लाइन समुद्राकाठून जाते, जोराचा वारा सुटला की गाड्या उशिरा धावतात किंवा थांबतातही. अशा वेळी प्लॅटफॉर्मवर अडकून न राहता माइहामाहून उरायासु स्टेशनची बस पकडा आणि तिथून तोझाई लाइन मेट्रोने शहरात या.