सस्पेन्शन पिना बसवण्यापूर्वी हत्यारांची जुळवाजुळव

रिमोटवर चालणाऱ्या गाडीच्या सस्पेन्शन पिना, म्हणजे चाकाजवळचे हलते भाग जोडणाऱ्या बारीक पोलादी दांड्या, बदलायला घेण्यापूर्वी दीड मिलिमीटरची, षट्कोनी टोकाची चांगली अ‍ॅलन की हाताशी आहे का, एवढे आधी पाहावे आणि ती नसेल तर त्या दिवशी गाडी उघडूच नये. उजेड, जुने कापड आणि स्क्रू ठेवायला वाट्या घरात असतातच. गाडीसोबत आलेली पुस्तिका मात्र शोधून ठेवावी, कारण कोणती पिन कुठली आणि तिच्या कोणत्या बाजूला किती वॉशर, हे तिच्यातील चित्रावरूनच कळते.

पहिले हत्यार व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची सरकती मोजपट्टी. १/१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढ्या) बहुतेक गाड्यांत पिन ३ मिमी जाडीची असते आणि १/८ मापाच्या बग्गीत साधारण ४ मिमीची. पण काही जुन्या अमेरिकी गाड्यांत ती इंचाच्या मापाची, म्हणजे १/८ इंच असते. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात आजही सूत चालते आणि एक सूत म्हणजे नेमके १/८ इंच, म्हणजेच ३.१७५ मिमी. नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत जाऊन ‘तीन एमएमच्या आसपासचे’ ड्रिल बिट मागितले, तर दुकानदार सरळ मनाने एक सुताचे बिट काढून देतो. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असते. पण पावणेदोन दशांश मिलिमीटरचा हा फरक दाराच्या कडीला चालतो, सस्पेन्शनला चालत नाही. ३ मिमीच्या पिनेसाठी त्या बिटाने भोक मोठे केले की आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा हलता हात) कायमचा खडखडतो आणि नवा आर्म घेण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून पिन बाहेर येताच ती दोन-तीन ठिकाणी मोजावी, आकडा कागदावर लिहावा आणि तो कागद खिशात घेऊनच दुकानाची पायरी चढावी.

आता दीड मिलिमीटर. हब (चाक धरणारा भाग) आणि आर्म यांना जोडणारी बाहेरची पिन अनेक गाड्यांत एका बारीक ग्रब स्क्रूने, म्हणजे भोकात पूर्ण शिरणाऱ्या स्क्रूने, धरलेली असते. तो ३ मिमीचा असला तरी त्याच्या डोक्यातील षट्कोनी खाच फक्त दीड मिमीची असते. त्या खाचेत विदर्भाची काळी माती बसते, वरून थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) सुकलेले असते आणि आपण पाकिटात मिळणाऱ्या स्वस्त कीने जोर लावतो. कीचे टोक झिजून गोल होते, तेच खाचेचेही होते, आणि मग पन्नास पैशांचा स्क्रू काढण्यासाठी हबच फोडावा लागतो. माझ्याकडे गेल्या खेपेस नेमकी हीच वस्तू आणायची राहिली होती, म्हणून इतके ताणून लिहीत आहे. कडक पोलादाचे टोक आणि नीट मूठ असलेला दीड मिमीचा ड्रायव्हर वेगळा विकत घ्यावा. संचातल्या दोन, अडीच आणि तीन मिमीच्या कीवर काम भागते, दीडवर भागत नाही. गोल मुंडीची की या कामाला अजिबात वापरू नये, कारण तिचे टोक खाचेला फार थोड्या जागी टेकते. इंचाच्या संचातील १/१६ इंचाची की १.५९ मिमीची असल्याने आत जात नाही आणि तिच्याखालची १.२७ मिमीची आत गेल्यावर नुसतीच फिरते. अशा वेळी ‘जमेल’ म्हणून पुढे जाऊ नये.

ड्रायव्हर लावण्यापूर्वी शिवणाची सुई घेऊन खाचेतली माती उकरावी आणि फुंकर मारून खाचेचे सहाही कोपरे दिसतात का, हे भिंगातून पाहावे. ड्रायव्हर तळापर्यंत टेकल्याचा हाताला बोध झाल्याशिवाय पिळू नये. स्क्रू हलत नसेल, तर सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याच्या डोक्याला काही सेकंद लावावे. उष्णतेने थ्रेडलॉक मऊ पडते. शेजारी प्लास्टिक असल्यास हे भीत भीतच करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो ग्रब स्क्रू शोधून, सैल करून मगच पिनेला हात लावावा. पिन जाम आहे असे समजून तिच्यावर हातोडी चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हबमध्ये तो स्क्रू तसाच कसलेला असतो.

पिना ई-क्लिपांनी (पिनेवरच्या खाचेत बसणाऱ्या, E आकाराच्या बारीक क्लिपांनी) धरलेल्या असतील तर दुखणे वेगळे. क्लिप उडते आणि उडाली की सापडत नाही. काढताना गाडीचा तो कोपरा मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून, हात पिशवीत सारून, बारीक चपट्या पेचकसने ढकलावी. डोळ्यांवर चष्मा असावा. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर हे काम करू नये, कागदासारखे पातळ वॉशर त्यात सहज उडतात, शिवाय त्या दमट हवेत उघडी पडलेली पोलादी पिन गंजू लागते. बसवताना सपाट जबड्याची नोज प्लायर घेऊन क्लिप खाचेच्या रेषेत सरळ दाबावी. टक असा आवाज आला आणि ती बोटाने फिरली, पण हलली नाही, तर बसली. वाकडी झालेली क्लिप पक्कडीने सरळ करून पुन्हा लावण्याची काटकसर करू नये. जादा क्लिपा घेताना माप पिनेचे सांगू नये, खाचेचे सांगावे: डीआयएन ६७९९ या जर्मन मानकात २.३ ची क्लिप ३ ते ४ मिमीच्या दांड्यावर बसते, हे माहीत नसले की माणूस ३ ची क्लिप मागून घरी येतो.

पिन बाहेर ढकलायला अडीच मिमीचा सरळ पंच लागतो. निमुळता पंच किंवा खिळा घेतल्यास तो भोकातच अडकतो आणि पिनेचे तोंड फुलवतो, मग तीच पिन निघताना भोक खरवडत जाते. हातोडी हलकी, शक्यतो पितळेची असावी आणि आर्मखाली भोक पाडलेला लाकडाचा ठोकळा ठेवावा. निघालेली पिन काचेवर लोळवून पाहावी. डुगडुगली तर वाकलेली आहे, ती टाकून द्यावी. नव्या पिनेच्या खाचेजवळ बारीक धार असते. ड्रिलच्या चकमध्ये पिन धरून हजार नंबरच्या पॉलिश पेपरने ती घासून घ्यावी.

नव्या आर्ममध्ये पिन घट्ट जाते. शॉक (हादरे झेलणारा स्प्रिंगचा भाग) सोडवून आर्म उचलून सोडला असता तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे, एवढीच कसोटी. पडत नसेल तर ३ मिमीचा हाताने फिरवायचा रीमर (भोक किंचित मोठे करण्याचे हत्यार), थोडा थोडा, पुन्हा पुन्हा पिन घालून पाहत. ड्रिल मशीन लावू नये, भोक लंबगोल होते. नायलॉनचे आर्म ओलावा पिऊन किंचित फुगतात, त्यामुळे मे महिन्यात मोकळा फिरणारा आर्म ऑगस्टमध्ये थोडा जड वाटू शकतो. तेवढ्यासाठी लगेच रीमर उचलू नये.

जोडणीला फारसे लागत नाही. पिनेवर सपाट पट्टी घासलेली असेल तर ती ग्रब स्क्रूच्या समोर यावी. थ्रेडलॉक निळे, मध्यम ताकदीचे, फक्त धातूत धातू जात असेल तिथेच, आणि तेही टाचणीच्या टोकाएवढे. स्क्रू कसताना पुन्हा तोच दीड मिमीचा ड्रायव्हर, दोन बोटांच्या जोराने. वॉशर पुस्तिकेतल्या क्रमाने. चाकांसाठी १/१० च्या गाडीला ७ मिमीचा पाना, १/८ ला १७ मिमीचा. जपानी गाडी असेल तर तिच्या चौफुलीच्या स्क्रूंना जेआयएस या जपानी मानकाच्या मापाचा पेचकस लागतो, साध्या फिलिप्सने खाचा जातात. आणि दीड मिमीचे जादा टोक त्याच फेरीत घेऊन यावे.