उसावर केवडा दिसला की युरियाच्या आधी हे बघा

खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातनं परत फुटलेला ऊस, पिवळा दिसायला लागला की पहिला हात युरियाच्या पोत्याकडं जातो. जरा थांबा, आधी पिवळं नक्की कुठलं पान झालंय ते बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर बहुतेक नत्र कमी पडलंय, कारण नत्र झाडात फिरतं, जुन्या पानातनं निघून नव्याला जातं. लोहाचं तसं नाही, ते एकदा बसलं तिथं बसलं, त्यामुळं ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पानभर लांब हिरव्या-पिवळ्या रेघा दिसतात आणि जास्तच झालं तर पान पांढरंफटक. लोहाच्या कमतरतेच्या ह्या पिवळेपणालाच केवडा म्हणतात.

इथं एक घोळ लय जणांचा होतो. उसाच्या बेटातनं, म्हणजे एका जागच्या झुपक्यातनं, गवतासारखे बारीक बारीक ढीगभर फुटवे आलेत आणि पानं पांढरट आहेत, तर तो गवताळ वाढीचा रोग आहे, केवडा नाही. तिथं कितीही फवारा, उपयोग शून्य. ते बेट मुळासकट काढून टाका आणि त्या प्लॉटचं बेणं (लागणीचा ऊस) पुढं वापरू नका.

तरी शंका असली तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे आपलं हिराकस विरघळवा, कापसानं एका कोवळ्या पानाच्या तुकड्याला लावा आणि खूण करून ठेवा. आठवडाभरात तेवढाच तुकडा हिरवा होत आला तर लोहच.

आता गंमत अशी की आपल्या काळ्या जमिनीत लोह तसं भरपूर असतं, पण चुनखडी जास्त, सामू (पीएच) ८ च्या वर, त्यामुळं मुळांना ते घेताच येत नाही, आणि वर पाणी साचलं की अजून बेकार. म्हणून आधी साचलेलं पाणी काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे मातीत ओल राहील पण हवाही खेळेल.

फवारणीला १५ लिटरच्या पंपात आधी १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका आणि मग ७५ ग्रॅम हिराकस, बोअरचं पाणी असेल तर हा क्रम पाळाच. द्रावण तांबडं पडलं तर ते वाया गेलं समजा. संध्याकाळी फवारा, ८-१० दिवसांनी परत एकदा.

जमिनीतनं द्यायचं तर एकरी १० किलो हिराकस, पण नुसतं फेकू नका, चुन्यात अडकून बसतं. १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर करून ४-५ दिवस मुरवा आणि सरीत मुळाजवळ द्या. ड्रिपमधनं चिलेटेड लोह (जमिनीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं) सोडणार असाल तर पुडीवर त्या बांधणाऱ्या पदार्थाचं नाव ईडीडीएचए लिहिलंय का ते वाचा, महाग आहे पण चुनखडीत तेच टिकतं, ईडीटीएवालं फवारणीला ठीक.

माती तपासणीला देताना सूक्ष्म अन्नद्रव्यं पण तपासा असं सांगून द्या, नाहीतर नुसता एनपीकेचा (नत्र, स्फुरद, पालाश) कागद हातात येतो. लोह ४.५ पीपीएमच्या खाली म्हणजे कमी, जस्त ०.६ च्या खाली म्हणजे कमी. जस्त कमी निघालं तर एकरी ८ किलो झिंक सल्फेट त्याच शेणखतातनं द्या, फक्त डीएपी ह्या स्फुरदाच्या खतात कालवू नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात आणि पिकाला दोन्ही नीट मिळत नाहीत.

फरक बघायचा तो नवीन पानात. जुनं करपलेलं पान काही परत हिरवं होत नाही, तेव्हा त्याच्याकडं बघून डोस वाढवू नका.