मालगाड्यांच्या फोटोसाठी मित्रांसोबत निघताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी साडेसहाला दांडिया बाजारात जमायचं, दोन दुचाक्यांवर चौघांनी निघायचं आणि अंधार पडेपर्यंत मालगाड्यांच्या मागे राहायचं, हा आमचा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. बडोदेकरांना हा छंद लागावा असंच गाव आहे हे. मुंबई, अहमदाबाद आणि गोध्रा-रतलाम अशा तिन्ही बाजूंचे रूळ इथे एकत्र येतात. जवळच्या डभोईला तर खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, बैलांनी ओढलेली आगगाडी सुरू झाली होती. हल्ली बरीच मुलं विचारतात की दिवसभर थांबूनही हाती काही का लागत नाही. कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतंच. मालगाडी कशी चालते हे समजून न घेता आपण निघालेलो असतो.

बडोदा जंक्शनवरच ठाण मांडणं

सगळ्यात मोठी चूक ही. जंक्शनवर माणसांची गर्दी, मध्ये खांब, आणि कुठली ना कुठली प्रवासी गाडी आडवी उभी. शिवाय अहमदाबादकडून रतलामकडे जाणाऱ्या गाडीला जंक्शनात यावंच लागत नाही. बाजवा आणि छायापुरीला जोडणारा रूळ आहे, तिथून ती बाहेरच्या बाहेर निघून जाते. त्यामुळे आम्ही मुंबई बाजूला इटोला, नाहीतर गोध्रा बाजूला पिलोल असं एखादं छोटं स्टेशन धरतो. तेलाच्या टाक्यांच्या रेक, म्हणजे एकसारख्या डब्यांच्या अख्ख्या गाड्या, बघायच्या तर बाजव्याची बाजू, कारण कोयलीची रिफायनरी तिकडेच आहे. मात्र रिफायनरीकडे कॅमेरा अजिबात वळवू नका. टाक्या स्टेशनातून जाताना मिळतातच.

स्टेशनात गेल्यावर आधी मास्तरांना भेटायचं, कशासाठी आलो ते सांगायचं. ते नको म्हणाले तर नमस्कार करून निघायचं आणि रस्त्याच्या पुलावरून किंवा फाटकाबाहेरून फोटो घ्यायचे. आरपीएफच्या जवानाशी वाद घालून चांगला फोटो मिळालेला मी तरी पाहिला नाही.

वेळापत्रक शोधत बसणं

मोबाइलवरच्या अॅपमध्ये प्रवासी गाड्या दिसतात, मालगाड्या नाहीत. त्या रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसच्या हुकमावर चालतात. पण ते अॅप उलट्या बाजूने वापरता येतं. मागून एक्स्प्रेस येणार असेल तर मालगाडी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घेतात, आणि एक्स्प्रेस गेली की थोड्या वेळाने तिला सोडतात. म्हणजे एक्स्प्रेस गेल्या गेल्या चहाला उठायचं नाही. आमच्या हातून सर्वांत जास्त गाड्या सुटल्या त्या याच दहा-पंधरा मिनिटांत.

सिग्नल वाचायला शिका. स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलला पिवळा दिवा आणि त्याच्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ पेटली, तर येणारी गाडी मेन लाइन सोडून लूपला वळणार. ती सावकाश येईल, बहुतेक थांबेल, तुम्हाला चाकं, कपलिंग, डब्यावरचे आकडे सगळं निवांत टिपता येईल. हिरवा असेल आणि कुठल्याही प्रवासी गाडीची वेळ नसेल, तर तयार राहा. येणारी मालगाडी थांबणार नाही.

उन्हाची दिशा न बघणं

याबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं शिकल्यावरही लोक इथे फसतात. मुंबईची लाइन बडोद्याच्या आसपास साधारण दक्षिणोत्तर जाते. आपण कर्कवृत्ताच्या थोडं खाली राहत असलो तरी हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे मुंबईकडे निघालेल्या इंजिनाच्या तोंडावर ऊन पडतं आणि मुंबईहून येणाऱ्याचं तोंड सावलीत राहतं. डिसेंबरात इटोल्याला उभं राहून मुंबईहून येणाऱ्या गाडीचा समोरून फोटो काढला की इंजिन काळं ठिक्कर येणार, कितीही महागडा कॅमेरा असो. त्या गाडीचा फोटो बाजूने घ्या. सकाळी पूर्वेकडून, दुपारनंतर पश्चिमेकडून. किंवा ती पुढे जाऊ द्या आणि मागून ब्रेक व्हॅनचा, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्याचा, घ्या, त्या बाजूला ऊन असतं. गोध्रा बाजूचे रूळ पूर्व-ईशान्येला जातात, म्हणून तिथे गोध्र्याकडे जाणाऱ्या गाड्या सकाळी आणि बडोद्याकडे येणाऱ्या संध्याकाळी.

मे महिन्यात दहा वाजल्यानंतर लांब लेन्स लावून दूरची गाडी टिपायला जाऊ नका. खडीवरून उठणारी गरम हवा सगळं चित्र लहरवते. फोकस चुकला असं वाटतं, पण तो बरोबर असतो. गाडी जवळ येऊ द्या, मग बटण दाबा.

हललेला फोटो, अंधारलेला फोटो

७५ किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २१ मीटर सरकते. शटर १/२५० सेकंदावर ठेवलं तर तेवढ्यात ती आठ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. बाजूने फोटो घेताना १/१००० च्या खाली येऊ नका. समोरून येत असेल तर १/५०० चालतं. मोबाइलवर झूम करू नका, एकामागून एक फोटो घेत राहा.

इंजिनाचा हेडलाइट कॅमेऱ्याला चकवतो. उजेड जास्त आहे असं समजून तो बाकीचं सगळं काळं करून टाकतो. म्हणून गाडी दिसायच्या आधीच रिकाम्या खडीवर प्रकाश मोजून मॅन्युअलवर कायम करा. कोळशाच्या काळ्या रेकला उलटं होतं, आपोआप मोजू दिलं तर आकाश पांढरं पडतं. आणि कोळशाची गाडी जात असताना लेन्स बदलू नका. ती पूड आत गेली की नंतरच्या प्रत्येक फोटोत ठिपके दिसतात.

डीएफसीवरच्या गाडीला वेगळी तयारी लागते. दादरीपासून न्हावाशेव्याच्या बंदरापर्यंत आखलेला हा १५०६ किलोमीटरचा खास मालगाड्यांचा मार्ग बडोद्याजवळून जातो. त्यावर कंटेनरवर कंटेनर असे दोन मजले चढवतात, आणि त्यासाठी वरची तार साडेसात मीटर उंचीवर ताणलेली असते. नेहमीच्या सवयीने चौकट धरली तर वरचा कंटेनर आणि इंजिनाच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ हमखास कापला जातो. चौकटीत वर भरपूर आकाश सोडा.

इंजिन गेलं की कॅमेरा खाली

मला मनापासून खटकणारी चूक आहे ही. बॉक्सएन, म्हणजे कोळशाच्या उघड्या डब्यांची भरलेली रेक म्हणजे ५८-५९ डबे, साडेसहाशे मीटरच्या आसपास लांबी. साठच्या वेगाने समोरून जायला तिला चाळीस सेकंद लागतात. त्यातले पहिले चार सेकंद टिपून लोक वळतात. गाडीचं खरं रूप मागे असतं. डब्यांच्या गंजलेल्या कडा, खडूने लिहिलेले आकडे, ब्रेक व्हॅनच्या कठड्याला टेकून हिरवा झेंडा धरलेला माणूस. एकदा त्यांनी आमच्याकडे बघून हात केला, आणि चौघांपैकी एकाचाच कॅमेरा वर होता. तो फोटो आज त्याच्या घरात भिंतीवर आहे.

चौघांनीही एकाच वेळी डोळा कॅमेऱ्याला लावणं

आता जिवाचं. पूर्वी आम्ही चौघेही एकदम फोटो काढायचो. एका फाटकाबाहेर आमचा मित्र चौकट नीट बसावी म्हणून एकेक पाऊल मागे सरकत होता, नजर समोरच्या मालगाडीवर. मागच्या रुळावर दुसरी गाडी येत होती. विजेचं इंजिन पुष्कळ जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही, त्यात पहिल्या गाडीचा खडखडाट. मी त्याची पाठपिशवी धरून ओढलं. पिशवीचा पट्टा तुटला आणि तो माझ्या अंगावर पडला. त्या दिवशी आम्ही आणखी एकही फोटो न काढता घरी आलो.

तेव्हापासून एकाच्या हातात कॅमेरा नसतो. पाळीपाळीने तो राखण करतो, दोन्ही बाजूंना बघतो, आणि त्याने "मागे" म्हटलं की विचारायचं नाही, मागे यायचं. रुळांत शिरायचं नाही, तो १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. उभ्या डब्यावर चढायचं नाही, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला तिला हात लागावाच लागतो असं नाही. त्याच कारणाने पुलावरून तारेच्या दिशेने लांब सेल्फी स्टिक काढायची नाही. उत्तरायणाच्या दिवसांत तारेला अडकलेल्या पतंगाचा लोंबणारा मांजा ओढायचा नाही.

परतताना आम्ही सेव-उसळ खायला थांबतो, तेव्हाच प्रत्येक गाडीचा इंजिन नंबर, डब्यांचा प्रकार, जागा आणि वेळ वहीत लिहून टाकतो. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की पिलोलची गाडी इटोल्याच्या नावावर जाते. राखण करणाऱ्याला दिवसभर फोटो मिळालेले नसतात, म्हणून वही त्याच्याकडे.