लेसर पेनचा आकडा आणि बोअरचं पाणी

दंतवैद्यकाच्या इंटर्नशिपमध्ये शाळेतल्या पोरांचे दात तपासायला निघालेल्यांसाठी लिहितेय. मिरर-प्रोब (छोटा आरसा आणि टोकदार सळई) कसा धरायचा हे तुम्हाला येतं. माझी एकच चूक सांगते.

लेसर पेन, म्हणजे कीड शोधायचं पेनसारखं यंत्र, दातावर 655 नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकतं. किडीतल्या जंतूंनी तयार केलेली पोरफायरिन नावाची द्रव्यं त्यात चमकतात आणि पडद्यावर 0 ते 99 मधला आकडा येतो. 30 च्या वर गेला की कीड डेंटिनपर्यंत (दाताच्या वरच्या कठीण थराखालच्या भागापर्यंत) गेल्याची शंका घ्यायची. मी तेवढंच पाठ करून गेले होते.

शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे. मी दाढा न पुसता, न वाळवता सकाळभर आकडे उतरवत बसले आणि कार्डांवर सरसकट 'कीड' लिहून मोकळी झाले. हा डागांचा आकडा असू शकतो, हे डोक्यातच आलं नाही. पुढच्या आठवड्यात एक आई समोर उभी राहिली. "मॅडम, तालुक्याचे डॉक्टर म्हनते कीडच नाही. माही दोन दिवसाची वेचणी बुडाली." मला तोंड वर करून बघवलं नाही.

डाग, प्लाक (दातावरचा जंतूंचा चिकट थर), टार्टर (तोच थर कडक झालेला), फ्लोरोसिस (फ्लोराइडमुळे पडणारे ते चट्टे), सगळ्यांनी आकडा फुगतो. मोठ्या पोरांत तंबाखू-सुपारीच्या खर्‍याचे डागही असतात. म्हणून आधी ब्रश, मग खळखळून चूळ (पेस्ट राहिली तर तीही चमकते), कापसाचे बोळे आणि रबरी फुग्याने पाच सेकंद हवा. त्याच दातावरच्या निरोगी जागी पेन शून्यावर आणा. मग डोळ्यांनी बघा. फ्लोरोसिस बहुतेक डाव्या-उजव्या दातांवर सारखा, आडव्या रेषांत पसरलेला दिसतो. कीड खाचांत किंवा हिरडीलगत, जिथे घास अडकतो तिथे धरते.

पेनऐवजी दातांची चमक टिपणारा निळ्या प्रकाशाचा कॅमेरा मिळाला तर खिडक्यांवर सतरंज्या टांगा, उजेडात त्याचं चित्र फिकं पडतं. पण त्यातही जुना प्लाक लाल चमकतो, पुसणं सुटत नाही.

"पेन लाव, आकडा सांग, पुढचा पोरगा" म्हणणाऱ्या सिनियरकडून हे शिकू नका. दिवसाला वीसच पोरं झाली तरी चालेल, हात बसतो. माझाही बसला. आता आकडा मोठा आला की कार्डावर आधी 'पुसून पुन्हा' लिहिते आणि त्या पोराला रांगेत शेवटी बसवते.